म्हातारी मोटार आणि तिचे पथ्यपाणी

श्रोतेहो, बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाची मारुती ८०० उभी असते. २००३ साली माझ्या वडिलांनी ती नवी घेतली. बॉनेटवर झेंडूचा हार घालून आम्ही ती आधी सारसबागेच्या गणपतीला नेली आणि मग घरी आणली. वडील आता नाहीत, गाडी आहे. तीच घेऊन मी बोपदेव घाटातून सासवडच्या बाजूला एका महाविद्यालयात शिकवावयास जातो. गाडीने विशी केव्हाच ओलांडली. माणसाला वीस वर्षे झाली म्हणजे ऐन उमेद आणि बैलाला झाली म्हणजे म्हातारपण, हे आपण जाणतो. मोटारीचे मात्र तसे नाही. तिचे वय कागदावर एक असते आणि अंगावर दुसरेच.

आज मला जुन्या मोटारीच्या खर्चाविषयी आणि त्याहून अधिक तिच्या काळजीविषयी बोलावयाचे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात अशी एखादी गाडी असेल. कोणी शहरातून जुनी कार घेतली असेल, कोणाची वडापाची जीप असेल, कोणाची माळवे बाजारात नेणारी पिकअप असेल. नवी गाडी घेणे जमत नाही आणि जुनी सोडवत नाही, अशी बहुतेकांची स्थिती. तेव्हा प्रश्न असा की, या गाडीवर खर्च करावयाचा तर तो आधी कशावर करावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर मला घाटाने दिले. दोन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. चांबळीच्या बाजूचे एक लग्न आटोपून मी आणि आई परत येत होतो. दुपारची वेळ, ऊन रणरणते. भिवरी मागे पडली आणि घाटाचा उतार लागला. पुढे विटांनी भरलेला एक ट्रक हळूहळू उतरत होता, म्हणून माझा पाय सारखा ब्रेकवर. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पेडल दाबले आणि ते एकदम खाली गेले. लोण्यात बोट जावे तसे! गाडी थांबेना. मी घाईने दुसरा गिअर टाकला, इंजिनाने थोडा वेग धरून ठेवला, मग हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या अंगाला चाक घासत गाडी एकदाची उभी केली. आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही. फक्त मांडीवरची अहेराची पिशवी तिने घट्ट धरून ठेवली होती.

चमत्कार पुढेच आहे. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिले तर ते पूर्वीसारखे घट्ट! जणू काही झालेच नव्हते. दुसरा एखादा म्हणाला असता, चला, देवाने सांभाळले, आणि गाडी तशीच वापरीत राहिला असता. मी दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. मार्केट यार्डाच्या बाजूला त्यांचे छोटे गॅरेज आहे. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. आतले तेल चहाच्या चोथ्यासारखे काळपट.

"सर, हे कधी बदललं होतं?"

"बदलायचं असतं? मी तर कमी झालं की वरून घालतो."

काका हसले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्ही गेल्या दिवाळीला गाडीला रंग मारून घेतला. सीट कव्हर नवीन घातलीत. हे दोनतीनशे रुपयांचं तेल मात्र सात वर्षांत बदललं नाही."

श्रोतेहो, मी एम. ए. झालेला माणूस, पण यंत्राच्या शाळेत मी तेव्हा बिगरीत होतो. म्हणून हा ब्रेकचा प्रकार मी नीट समजून घेतला, तो तुम्हालाही सांगतो. शिक्षक मंडळींनी तर तो वर्गात करून दाखवावा. दोन मोठ्या सिरिंजा घ्या, सुया काढून टाका. सलाइनच्या नळीच्या तुकड्याने त्या एकमेकींना जोडा आणि सगळीकडे पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा तितकाच बाहेर येतो. हाच पास्कलचा नियम. द्रव पदार्थ दाबून आखडत नाही; तो दाब जसाच्या तसा पुढे पोचवतो. मोटारीचे पेडल म्हणजे पहिली सिरिंज आणि चाकाजवळची दट्ट्यांची जोडणी म्हणजे दुसरी. आता नळीत मुद्दाम मोठा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. पहिला दट्ट्या आत जातो, बुडबुडा आखडतो आणि दुसरा दट्ट्या जेमतेम हलतो. मुलांच्या बोटांना तो मऊपणा कळतो. बोपदेव घाटात माझ्या पायाला जे कळले ते हेच.

पण बंद नळीत बुडबुडा आला कोठून? ब्रेक ऑइलला आपण तेल म्हणतो, पण ते खोबरेल किंवा इंजिन ऑइलसारखे नव्हे. ते हवेतला ओलावा शोषून घेते, पावसाळ्यात मीठ शोषते तसे. डॉट ३ या प्रकारचे ताजे ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात तीनचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकातल्या तबकड्या व पॅड तापतात, ती धग तेलाला लागते, तेल उकळते आणि त्याची वाफ होते. वाफ म्हणजेच आपला बुडबुडा. गाडी थंड झाली की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल घट्ट. म्हणूनच हा दोष फसवा. सपाटीवर, गावात, बाजाराला जाताना तो कधी दिसत नाही. घाटात मात्र नेमका नडतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण काढून नवे भरावे, एवढाच त्यावर उपाय. आणि उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढवाल त्याच गिअरमध्ये उतरवावी, हा जुन्या ड्रायव्हरांचा नेम आजही तितकाच खरा आहे.

त्या दिवशी काकांनी चारही चाके खोलली. पुढचे पॅड पत्र्यापर्यंत आले होते, मागच्या लायनरांवर एका सिलिंडरातून तेल झिरपत होते. पॅड, लायनर, रबर किट, तेल आणि मजुरी मिळून खर्च आला ४ हजार ८०० रुपये. रंगाला मी त्याच्या चौपट मोजले होते.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे आणि तिच्यात खर्चाचे तीन भाग पाडले आहेत: जे गाडी थांबवते व वळवते ते पहिले, जे गाडी चालवते ते दुसरे आणि जे गाडी मिरवते ते तिसरे. आपण बहुतेक जण उलट्या क्रमाने पैसे खर्च करतो. ओरखडा रोज दिसतो. टायरची आतली बाजू दिसत नाही.

टायरचेच पाहा. टायर गुळगुळीत झाले म्हणजे बदलायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला. पण गाडी कमी चालत असेल तर टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो. रबर कडक पडते, कडेला बारीक भेगा दिसू लागतात. त्याचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असले तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुन्या बाजारातून 'अगदी नव्यासारखा' टायर कोणी देऊ लागला तर आधी हे चार आकडे वाचावेत. विकणाऱ्याचा चेहरा मागाहून वाचला तरी चालेल.

स्टिअरिंगला जास्त खेळ आला आहे का, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते का, गाडी एका अंगाला ओढते का, हे चालवणाऱ्यालाच आधी कळते. पण रोज थोडेथोडे वाढत असल्याने त्याची सवय होऊन जाते. म्हणून वर्षातून एकदा दुसऱ्या जाणत्या माणसाला गाडी चालवावयास द्यावी. माझ्या गाडीचे पुढचे बुश गेले आहेत हे मला नव्हे, माझ्या मेहुण्याला कळले.

इंजिनाकडे आपण तसे बरे लक्ष देतो, कारण ते रुसले की गाडी चालतच नाही. तरीही एक गोष्ट गावाकडच्या मंडळींसाठी सांगतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घालू नये. अशा पाण्याने आपल्या बंबात खडूसारखा थर धरतो ना? तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि एके दिवशी उन्हात इंजिन तापून हेड गॅस्केट जाते. दोनचारशे रुपयांचे कूलंट वाचवून दहा हजारांचे काम ओढवून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत.

पेट्रोलविषयीही हल्ली पुष्कळ चर्चा होते. २०२५ सालापर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागले. आपल्या उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच. पण जुन्या गाडीच्या मालकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. तेव्हा ॲव्हरेज थोडे उतरले तर लगेच मेकॅनिकला बोल लावू नये. दुसरी अधिक महत्त्वाची. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या आणि वायसर या मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात. त्या फुगतात किंवा त्यांना चिरा पडतात. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर तो अंगवळणी पाडून घेऊ नये. नळ्या बदलून घ्याव्यात. खर्च किरकोळ असतो, पण आगीशी खेळ नको.

आता सुट्या भागांचा प्रश्न. या बाबतीत गाडी कोणती यावर सारे आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षे एकच गाडी लाखोंनी निघाल्यामुळे तिचे सामान अजून मिळते आणि ती खोलता येणारा माणूस प्रत्येक तालुक्याला सापडतो. याउलट मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. उत्पादन थांबल्यावर टॅक्सीवाल्यांना तिचे भाग जुन्या गाड्या मोडून मिळवावे लागू लागले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वयाची २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. म्हणजे ती आणि माझी मारुती एकाच सालच्या. एक निवृत्त झाली, दुसरी अजून नोकरीत आहे!

यावरून कोणी विचारील की, मग खाजगी गाडीला वयाची मर्यादा नाही काय? दिल्लीच्या बातम्या ऐकून आपल्याकडे पुष्कळांचा असा समज झाला आहे की पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीत काढावीच लागते. दहा वर्षांची डिझेल व पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी, ही अट दिल्ली व तिच्या आसपासच्या राजधानी प्रदेशापुरती घातली गेली. महाराष्ट्रात खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ती योग्य ठरली तर, पाचपाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. आपण याला पासिंग म्हणतो. या भीतीचा फायदा घेऊन चांगली गाडी कवडीमोलाने उचलणारे दलाल गावोगाव फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पासिंगचा खर्च मात्र वाढत गेला आहे. २०१८ साली वडिलांनी ही नोंदणी वाढवली तेव्हा मूळ फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारसाठी ती ५ हजार झाली. २०२३ साली मी तेवढी भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या नियमानुसार वीस वर्षांवरच्या कारला ती १० हजार आहे. म्हणजे २०२८ साली मला दहा हजार मोजावे लागतील. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, तो निराळा. एक एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नव्या पद्धतीची नंबरप्लेट लागते. कारसाठी तिचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी. पीयूसी जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी काढावी लागते. बीएस ४ व त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षाची मिळते.

विम्याबद्दल दोन शब्द. गाडी म्हातारी झाली, आता विमा कशाला, असे म्हणणारे भेटतात. गाडीची किंमत तीसचाळीस हजार उरली असेल तर तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वेळ न घेणे समजू शकते. पण तिऱ्हाइताचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. १००० सी.सी.पर्यंतच्या कारला जून २०२२ च्या दरपत्रकात त्याचा वर्षाचा हप्ता २ हजार ९४ रुपये ठरवला गेला. तुमच्या गाडीखाली कोणी सापडले तर गाडी जुनी होती म्हणून भरपाई कमी होत नाही. जमीन विकावी लागते.

आता हिशेब. गेल्या वर्षीची माझी वही उघडली तर चार टायर, बॅटरी, क्लच प्लेट, दोनदा ऑइल, कागदपत्रे आणि बारीकसारीक मजुरी धरून ३४ हजार रुपये झाले. आकडा डोळ्यांत भरतो. पण पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता आठ हजारांवर जातो, म्हणजे वर्षाला ९६ हजार. नुसत्या पैशात पाहिले तर म्हातारी गाडी अजून स्वस्तच पडते. माझ्या सहकाऱ्यांना हे पटवताना मी फळ्यावर मांडून दाखवतो.

मात्र एक रकाना या वहीत बसत नाही, आणि तो दडवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. जोरात ब्रेक दाबला असता चाके अडकून गाडी घसरू नये म्हणून जी एबीएस यंत्रणा असते, तीही नाही. नव्या गाड्यांत या गोष्टी कायद्याने आल्या त्या २०१९ व त्यानंतरच्या काळात. जुनी गाडी तुम्ही कितीही नीट ठेवा, वंगण घाला, पुजा. २००३ साली तिच्यात जे नव्हते ते दुरुस्तीने येत नाही. गॅरेजवाले काका हे चांगले जाणतात. मी एकदा त्यांना विचारले, "काका, गाडी एकदम ओके आहे ना?" ते म्हणाले, "तिच्या वयाच्या मानानं ओके आहे, सर." डॉक्टर बोलतात तसेच बोलले.

आईला गाडीतून उतरवल्यावर त्या मे महिन्यात तिने एवढेच विचारले होते की, "तुझे बाबा हे तेल बदलत होते का रे?" मी कपाटातली त्यांची जुनी फाइल काढली. तीत २००५ पासून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइलची पावती लावलेली होती. शेवटची पावती २०१७ ची. त्यानंतर गाडी माझ्या हाती आली.

गाडी मोडीत द्यायची वेळ आली तर ती कशी द्यावी, हेही सांगून ठेवतो. कित्येक जण भंगारवाल्याला बोलावतात, रोख पैसे घेतात आणि विसरून जातात. आरटीओच्या दप्तरी गाडी तुमच्याच नावावर राहते. उद्या तिचा सांगाडा, नंबर किंवा इंजिन भलत्या कामाला वापरले गेले तर पोलीस तुमच्या दारी येतील. २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणानंतर सरकारमान्य मोडणी केंद्रे निघाली आहेत. तेथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नवी गाडी घेताना सवलतही मिळू शकते. त्यानंतर आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्यावा आणि जपून ठेवावा.

आमच्या घरात या विषयावर एक तह झाला आहे. २०२८ ला पासिंग करावयाचे नाही. तोवर गाडी शहरात, मार्केट यार्ड, स्वारगेट, आईचा दवाखाना, एवढ्यापुरती. घाट मी बसने ओलांडतो. येताजाता पेपर तपासून होतात. या जूनमध्ये ब्रेक ऑइलला पुन्हा दोन वर्षे होतात. काकांना सांगून ठेवले आहे. त्यांनी रविवारी सकाळी या म्हणून सांगितले आहे. त्या दिवशी गॅरेजात गर्दी नसते.